निवेदनाच्या फोटोपलीकडे : माहितीचा अधिकार, तालुक्याचा पत्रकार आणि आपण

तालुक्याच्या बातमीदाराला आपण साधारण दोन वेळा फोन करतो. एक, जयंतीच्या मिरवणुकीची बातमी लावायची असते तेव्हा. दुसरा, तहसीलदारांना निवेदन देताना फोटोला कोणीतरी हवं असतं तेव्हा. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर फोटो येतो. फोटोत अकरा जण, खाली अकरा नावं, आणि निवेदनात काय मागितलं होतं ते एका ओळीत. कात्रण दिवसभर व्हॉट्सॲपवर फिरतं. पुढे त्या निवेदनाचं काय झालं हे पत्रकार विचारत नाही. खरं सांगायचं तर आपणही विचारत नाही.

मी सात-आठ वर्षं मराठवाड्यात वस्तीपातळीवर काम करते. दीड वर्षापूर्वी एका तालुक्याच्या गावी आम्ही माहिती अधिकारावर पत्रकारांची बैठक घेतली. पाच दैनिकांचे तालुका प्रतिनिधी, तीन साप्ताहिकांचे संपादक, चार यूट्यूब चॅनलवाले, असे बाराजण आले. पहिलाच प्रश्न विचारला, बातमीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज कोणी केलाय? दोन हात वर आले. चहाच्या वेळी त्यातल्या एकाने हळूच सांगितलं, माझा अर्ज स्वतःच्या जमिनीच्या फेरफारासाठी होता, बातमीसाठी नव्हे.

कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर त्याच्याही आधीचा, 2002 सालचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, कारण सांगावं लागत नाही, तीस दिवसांत उत्तराची सक्ती आहे. बातमीदारासाठी याहून स्वस्त हत्यार दुसरं नाही. मग बारा जणांत एकच हात का?

पहिलं कारण पोटाचं आहे. तालुका प्रतिनिधीला पगार नसतो. मानधन असलंच तर ते पेट्रोलला पुरत नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. ती जाहिरात कोण देतं? वाढदिवसाला सभापती, दिवाळीला ठेकेदार, निकालाच्या वेळी संस्थाचालक. ज्या कामाची मोजमाप पुस्तिका मागायची, ते काम याच मंडळींपैकी कोणीतरी केलेलं असतं. पत्रकाराने स्वतःच्या नावाने अर्ज टाकला की तासाभरात ठेकेदाराला फोन जातो आणि दिवाळी अंकाचं पान गेलं म्हणून समजा. आपण याला 'मॅनेज झालेला पत्रकार' म्हणून मोकळे होतो. काही असतीलही तसे. पण बहुतेकांच्या बाबतीत हा घरखर्चाचा हिशेब आहे आणि त्यांना शिव्या देऊन तो बदलत नाही.

दुसरं कारण वेळेचं. बातमी संध्याकाळी सहाला द्यायची असते, कायदा तीस दिवस देतो. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला आणखी तीस ते पंचेचाळीस दिवस. त्यानंतर राज्य माहिती आयोग. तिथे महाराष्ट्राची अवस्था देशात सर्वांत वाईट म्हणावी अशी आहे. सतर्क नागरिक संघटनेच्या वार्षिक अहवालांमध्ये आपल्या आयोगापुढची प्रलंबित प्रकरणं एक लाखाच्या आसपास दिसतात. रोज पाच बातम्या पाठवणारा माणूस एवढा काळ एका कागदामागे लागू शकत नाही. त्यासाठी मागे कोणीतरी दुसरा हवा.

तिसरं कारण जातीचं आहे. तालुक्याच्या पत्रकारितेत आपली पोरं आहेत, पण मोठ्या दैनिकांच्या प्रतिनिधित्वात कमी आणि स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर जास्त. बाकीच्यांना आपली वस्ती आठवते ती अत्याचार झाल्यावर किंवा जयंतीला. वस्तीचा निधी, वसतिगृहाचं जेवण, शिष्यवृत्तीचा हप्ता, हे 'त्यांचे प्रश्न' म्हणून आतल्या पानावर जातात. आणि आपले चॅनलवाले? ते बाइट घेतात, भावना पोहोचवतात, पण हातात कागद नसतो. अधिकारी कॅमेऱ्यासमोर 'चौकशी करून कारवाई करू' म्हणतो आणि विषय संपतो.

यातलं शेवटचं आपल्या हातात आहे, म्हणून हा लेख.

मुळात हा कायदा आला कसा ते आठवून बघा. राजस्थानात 1990 साली मजदूर किसान शक्ती संघटन सुरू झालं. दुष्काळी कामावरच्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं, कारण कागदावर काम कमी दाखवलं जायचं. म्हणून त्यांनी हजेरीपट मागितले. 1994 च्या शेवटापासून गावोगाव जनसुनावण्या झाल्या. त्यात हजेरीपट मोठ्याने वाचला जायचा आणि समोर बसलेली माणसं सांगायची, हा तर मेलेला आहे, हा गावातच नव्हता. 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. तेव्हा प्रभाष जोशींसारखे संपादक त्यांच्या बाजूने लिहीत होते. मागणी मजुरांची होती, ती देशभर गेली ती पत्रकारांमुळे. कागद, तो वाचणारी वस्ती आणि छापणारा पत्रकार हे तिघं एकत्र आले तेव्हा कायदा झाला. आपल्याकडे मात्र कायदा आल्यावर हे तिघं वेगळे झाले. अर्ज 'आरटीआय कार्यकर्ता' टाकतो, तोही एकटा. मग कधी त्याला ब्लॅकमेलर म्हणतात. कधी त्याला संपवतात. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांचा खून जानेवारी 2010 मध्ये झाला.

बैठकीनंतर एका साप्ताहिकाच्या संपादकासोबत आम्ही एक प्रकरण धरलं. गावाचं नाव देत नाही, अपील अजून चालू आहे. वस्तीत अंतर्गत सिमेंट रस्ता झाल्याचा फलक लागला होता. रस्ता होता, पण तो वस्तीच्या तोंडाशी संपत होता आणि पुढे एका पुढाऱ्याच्या शेडपर्यंत मात्र व्यवस्थित गेला होता. पोरांनी अर्ज आधीच टाकलेला होता. त्यात लिहिलं होतं, 'आमच्या वस्तीतील रस्ता अर्धवट का सोडला? याला जबाबदार कोण? दोषींवर काय कारवाई करणार?' उत्तर आलं, माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

पोरं चिडली. पण अधिकारी कायद्याने बरोबर होता. कलम 2(एफ) प्रमाणे माहिती म्हणजे कार्यालयात कोणत्या ना कोणत्या रूपात असलेली सामग्री. 'का' या प्रश्नाचं उत्तर तयार करून देणं ही जन माहिती अधिकाऱ्याची जबाबदारी नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात 2008 मध्येच सांगितलं आहे. आपल्या पोरांचे निम्म्याहून जास्त अर्ज इथेच मरतात, असा माझा अनुभव आहे. आपण अर्ज लिहीत नाही, अर्जाच्या फॉर्मवर निवेदनच लिहितो.

'का' विचारायचं नाही, 'का'चं उत्तर ज्या कागदात आहे तो मागायचा. मग दुसरा अर्ज गेला. विषय एकच, कारण महाराष्ट्राच्या नियमात 2012 च्या दुरुस्तीने एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा घातली आहे. अर्ज असा होता : 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास करणे या योजनेअंतर्गत अमुक ग्रामपंचायत हद्दीत अमुक आर्थिक वर्षात मंजूर अंतर्गत रस्त्याच्या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या प्रती : वस्तीचा पंचवार्षिक आराखडा, ग्रामसभेचा ठराव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक व नकाशा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, देयकं, काम पूर्णत्वाचा दाखला व जोडलेले फोटो.' बस. एकही आरोप नाही, एकही विशेषण नाही.

अर्ज ग्रामपंचायतीत न टाकता जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात टाकला, कारण मंजुरीची फाइल तिथे असते. कागद दुसऱ्या कार्यालयात असला तर कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत अर्ज पुढे पाठवायचा असतो. बांधकामाचे कागद तसेच पंचायत समितीतून आले. प्रत दोन रुपये पान, एकूण खर्च दोनशेच्या आत.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे कार्यालयात जिला एमबी म्हणतात ती, एकदा वाचायला शिकलं की बाकीचे कागद सोपे होतात. लांबी, रुंदी, जाडी, तारीख आणि अभियंत्याची सही. नकाशात रस्ता वस्तीतल्या समाजमंदिरापर्यंत होता. एमबीत लांबी पूर्ण होती. पूर्णत्वाचा दाखलाही होता. संपादक, आमचा एक कार्यकर्ता आणि वस्तीतल्या दोन बाया टेप घेऊन गेल्या आणि रस्ता मोजला. वस्तीच्या आतलं अंतर कागदावरच्या निम्मंही भरलं नाही. बातमी साप्ताहिकात पहिल्या पानावर आली, नकाशा आणि फोटो शेजारी शेजारी छापून. त्यानंतर मात्र तीन दैनिकांनी ती घेतली. आधी हेच तिघं 'पुरावा काय?' विचारत होते. दैनिकाच्या डेस्कलाही कागद लागतो. तालुका प्रतिनिधीला तो आयता मिळाला की त्याची हिंमत वाढते, आणि ठेकेदाराला 'बातमी मी काढली नाही, कागदच बाहेर आला' असं सांगायची सोयही होते. ही सोय लहान नाही.

त्याच वस्तीत अर्जाला नाव कोणाचं द्यायचं यावर मात्र एक संध्याकाळ गेली. वस्तीतली माणसं ज्यांच्या शेतावर जातात, त्यांच्याच भावकीत सरपंचपद आहे. अर्जावर नाव-पत्ता असतो आणि तो गुप्त राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या, त्याच वस्तीतून गेलेल्या एका मुलाने स्वतःच्या नावाने राज्याच्या पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज केला. कायदा नागरिकाला अधिकार देतो, तो त्या गावचा असला पाहिजे असं कुठेही म्हणत नाही. शहरात गेलेल्या आपल्या मुलामुलींनी वस्तीसाठी काय करावं यावर आपण भरपूर भाषणं ऐकतो. दहा रुपयांचा अर्ज आणि त्याच्या तारखा सांभाळणं हे त्यातलं सर्वांत थेट काम आहे आणि ते रात्री दहानंतर मोबाइलवर होतं. संस्थेच्या लेटरहेडवर मात्र अर्ज करू नये. अर्जदार नागरिक हवा, हे कारण देऊन तो परत पाठवतात.

रस्ता हा सोपा विषय आहे, डोळ्यांना दिसतो. जास्त महत्त्वाचे कागद दिसत नाहीत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांतला नियम 17 बघा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता व संनियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे. राज्यस्तरीय समितीचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात आणि नियम 16 प्रमाणे तिची बैठक जानेवारी आणि जुलैमध्ये असते. आपल्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत किती बैठका झाल्या? तारखा, उपस्थिती आणि इतिवृत्त मागा. इतिवृत्तात प्रलंबित गुन्हे, अर्थसाहाय्य न मिळालेली कुटुंबं, जातप्रमाणपत्राअभावी अडकलेली प्रकरणं, सगळं असतं. अर्थसाहाय्याच्या पहिल्या टप्प्याला नियमात सात दिवसांची अट आहे. गुन्हा नोंदल्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख, या दोन रकान्यांचा तक्ता कुठल्याही मोर्चापेक्षा जास्त बोलतो. यात पीडितांची नावं मागायची नाहीत. ती छापणं चूक आहे आणि मागितली तर नकाराला निमित्त मिळतं. एका अत्याचाराची बातमी दोन दिवस चालते. जिल्ह्याच्या समितीने वर्षभर बैठकच घेतली नाही, ही बातमी जिल्हाधिकाऱ्यांना उत्तर द्यायला लावते.

तसंच जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातले 20 टक्के आणि ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या किती ग्रामपंचायत सदस्यांना हे माहीत आहे? स्वाधार योजनेत अर्ज किती, पात्र किती, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात मिळाला, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात तक्त्याच्या रूपात तयारच असतं. वसतिगृहातल्या मुलांनी स्वतः विचारलं तर वॉर्डन त्रास देतो. पत्रकाराच्या हातात तो तक्ता पोहोचवा.

आणि अर्ज करण्याआधी जे उघडच आहे ते बघा. वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आहे, रोजगार हमीचे हजेरीपट तिच्या संकेतस्थळावर आहेत. शिवाय राज्य शासनाच्या 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघता येतात. तीस दिवसांची वाट नाही. बहुतेक कार्यालयांत 'असं काही नाही' सांगतात, म्हणून परिपत्रकाची प्रत खिशात ठेवावी. आम्ही एका सोमवारी चार पत्रकारांना घेऊन गेलो. बाबू आधी गोंधळला, मग साहेबांना विचारून आला, मग खुर्च्या दिल्या. फाइल बघितल्यावर नेमकी कोणती बारा पानं हवीत ते कळतं आणि 'माहिती खूप विस्तृत आहे' या उत्तराची वाट बंद होते.

आता अवघड भाग. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला. त्याच्या कलम 44(3) ने माहिती अधिकाराचं कलम 8(1)(जे) बदललं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ते लागू झालं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खाजगीपणावर नाहक आक्रमण होतं, हे दाखवावं लागायचं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही होती. ते सगळं गेलं. आता उरलंय फक्त 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती'. आधीच गिरीश देशपांडे प्रकरणातल्या 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेऊन अधिकाऱ्यांच्या चौकशीचे कागद नाकारले जायचे. आता घरकुलाची लाभार्थी यादी, हजेरीपट, एमबीवरच्या अभियंत्याची सही, यातलं काहीही 'वैयक्तिक' म्हणता येईल. विधेयकाच्या आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेला सूट होती. मंजूर कायद्यात ती नाही, आणि दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे. साप्ताहिकाच्या संपादकाला हा आकडा ऐकवून गप्प बसवता येतं, मग प्रत्यक्षात दंड होवो न होवो.

माझ्या मते हा बदल सर्वांत जास्त आपल्याला लागणार आहे. आपलं शासनाशी नातं लाभार्थी यादीतून आहे. यादीत कोण खरा आणि कोण खोटा हे वस्तीलाच कळतं, आणि नाव झाकलं की वस्तीचं हे ज्ञान बिनकामाचं होतं. राजस्थानच्या जनसुनावणीत 'हा तर मेलेला आहे' असं म्हणता आलं, कारण नाव वाचलं गेलं होतं.

तरी दार पूर्ण बंद नाही. कलम 8(2) कायम आहे. सार्वजनिक हित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. फक्त ते हित कोणतं हे आता आपण लिहून द्यायचं, तेही पहिल्या अपिलातच. कलम 4(1)(बी) च्या सतरा बाबींना हात लागलेला नाही. त्यातली बारावी बाब अनुदानाच्या योजना, रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगते. म्हणजे यादी मागताना 'अमुक व्यक्तीची माहिती द्या' असं न लिहिता 'कलम 4(1)(बी) बाब बारा प्रमाणे प्रसिद्ध केलेली यादी' मागायची. तेही नाकारलं तर कलम 10 प्रमाणे नावाचा भाग झाकून बाकी द्या म्हणायचं. रकमा, तारखा, गावं आणि अनुक्रमांक मिळाले तरी पुष्कळ कळतं. हे डावपेच आहेत, उपाय नव्हे. कलम 44(3) मागे घ्या ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत अजून मला दिसलेली नाही.

पत्रकारांसोबत काम करताना आम्ही दोन चुका केल्या, त्या सांगते. पहिल्या महिन्यात उत्साहात एकाच कार्यालयात एकोणीस अर्ज टाकले. उत्तरं येऊन पडली, वाचायला कोणी नव्हतं. कारकुनाचे कष्ट गेले आणि आमचं नाव 'आरटीआयवाले' म्हणून वाईट झालं. आता एका वेळी तीन अर्ज, प्रत्येकाला एक माणूस आणि एक पत्रकार. दुसरी चूक, मिळालेले कागद आम्ही सगळ्या ग्रुपवर टाकले. दुसऱ्याच दिवशी एका पोराने ठेकेदाराला भेटून 'बघा, मिटवायचं असेल तर' असं सांगितल्याचं कानावर आलं. आपल्यात असं होत नाही म्हणण्यात अर्थ नाही. आता कागद आधी पत्रकाराकडे आणि वस्तीच्या बैठकीत जातो, बातमी छापून आल्यावर बाकीच्यांकडे. पत्रकारालाही आम्ही एकच सांगतो, छापण्याआधी समोरच्याची बाजू घ्या. कागद खरा असला तरी कधीकधी पूर्ण नसतो.

अर्जाची पोच, तीस दिवसांची तारीख, अपिलाची तारीख, एवढं लिहिलेली साधी वही पुरते. पहिल्या अपिलाला वीस रुपये, दुसऱ्याला वीस. मुदत उलटल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम 7(6) अपिलात लिहायला विसरू नका. जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 प्रमाणे 25 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो क्वचित होतो. त्यामुळे धमकी म्हणून तो वापरू नये, फक्त नोंद म्हणून लिहावा.

त्या रस्त्याचं पुढे काय झालं? पंचायत समितीने फेरमोजणीचा आदेश काढला. फेरमोजणी झाली, पण तिचा अहवाल मागितला तेव्हा त्यात अभियंत्याचं नाव असल्याने तो वैयक्तिक माहिती ठरतो असं उत्तर आलं. कलम बदलल्यानंतरचा हा आमचा पहिला नकार. पहिल्या अपिलात नाव झाकून अहवाल मागितला आहे, सोबत 8(2) खाली सार्वजनिक हिताचं एक पान जोडलंय. ते पान संपादकाने लिहिलं, त्याच्या आयुष्यातलं पहिलं अपील. सुनावणी पुढच्या सोमवारी सकाळी अकराला आहे आणि त्याच दुपारी तीनला आम्ही शेजारच्या विभागात अभिलेख बघायला बसणार आहोत.